फुकटचा सॉल्व्हर की विकतचा?

गोदामातून कुठली गाडी कुठल्या दुकानांना पाठवायची, रुग्णालयात नर्सेसच्या पाळ्या कशा लावायच्या, अशी कामं मुंबईत ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्यापुढे सध्या तीन सॉल्व्हरची, म्हणजे अटी सांभाळून सर्वांत चांगला पर्याय शोधणाऱ्या सॉफ्टवेअरची, नावं हमखास येतात: गुरोबी, हाईज आणि गूगलच्या ओआर-टूल्स या संचातला सीपी-सॅट. पहिला विकतचा, बाकी दोन मुक्तस्रोत.

पाळ्यांचं काम असेल तर फार विचार करू नका, सीपी-सॅट घ्या. ‘सलग तीन रात्रपाळ्या नकोत’ असले हो-नाहीचे नियम त्याला सरळ सांगता येतात आणि मशीनचे सगळे कोअर तो कामाला लावतो. फक्त आकडे पूर्णांकात द्यावे लागतात: साडेबारा किलो नव्हे, १२,५०० ग्रॅम.

खरी निवड गाड्या आणि मालाच्या कामात आहे. भिवंडीचं गोदाम, २० गाड्या, १५० दुकानं. नुसतं कुठली गाडी कुठल्या दुकानाला, एवढंच लिहिलं तरी ३,००० चल, म्हणजे सॉल्व्हरने ठरवायचे आकडे, होतात. गुरोबीची परवान्याशिवाय मिळणारी प्रत २,००० चलांवर थांबते. हाईजला अशी मर्यादा नाही. तो एडिनबरा विद्यापीठात घडला आणि पायथॉनच्या सायपाय या लायब्ररीमध्येच येतो, म्हणजे कदाचित तुमच्या मशीनवर आधीपासून असेल. अवघड पूर्णांकी गणितांत (जिथे उत्तरं पूर्णांकातच हवीत) मात्र गुरोबी सहसा बराच पुढे असतो, हे मान्य करायलाच हवं.

पण परवान्याच्या पैशांआधी मॉडेल, म्हणजे सॉल्व्हरला दिलेली गणिती मांडणी, तपासा, ही माझी कळकळीची विनंती. ‘गाडी निघाली तरच माल जाईल’ ही अट ‘माल ≤ गुणक × गाडी’ (गाडी निघाली तर १, नाही तर ०) अशी लिहिताना लोक सवयीने दहा लाखांचा गुणक टाकतात. अशा ०-१ चलात गुरोबी मूळ सेटिंगमध्ये ०.००००१ हा आकडाही शून्यच धरतो. गुणाकार करून बघा: न निघालेल्या गाडीतून १० पेट्या जातात! त्या जागी गाडीची खरी क्षमता, समजा ४०० पेट्या, लिहिली की ही गळती थांबते आणि बहुतेक वेळा सॉल्व्हरही वेगाने पळतो. अशा दुरुस्तीनंतर अनेकांचं काम हाईजवरच भागतं.

जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर, चालणाऱ्या सॉल्व्हरसाठी थांबावं का? आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये बेल लॅब्समध्ये असताना मांडलेल्या पद्धतीने रेषीय, म्हणजे पूर्णांकाची अट नसलेल्या, गणितांचा वेग बदलला होता. आता अशीच गणितं सोडवणाऱ्या पीडीएलपीसारख्या पद्धती मुख्यतः सारणी-सदिश (मॅट्रिक्स-व्हेक्टर) गुणाकारांवर चालतात, म्हणून त्या जीपीयूला मानवतात. एनव्हिडियाने २०२५ मध्ये कूऑप्ट हे आपलं जीपीयूवरचं सॉफ्टवेअर मुक्तस्रोतही केलं. त्याचा मोठा फायदा अतिप्रचंड रेषीय गणितांना, तोही थोडी अचूकता सोडून. दीडशे दुकानांसाठी थांबू नका.

मॉडेल पायोमो किंवा पल्प या पायथॉनच्या साधनांत लिहा, म्हणजे पुढे सॉल्व्हर बदलताना सगळं नव्याने लिहावं लागणार नाही. मग सणासुदीतला सर्वांत गर्दीचा दिवस निवडा, गुरोबीचा चाचणी परवाना मागवा आणि गुरोबी-हाईज दोघांना सारखाच वेळ द्या. हाईजचं उत्तर गुरोबीच्या उत्तरापेक्षा जितकं महाग पडतं, ती तफावत डिझेलच्या रुपयांत मोडा. वर्षभराची ती रक्कम परवान्याहून जास्त निघाली, तर गुरोबी बेधडक घ्या.