लीक-डाउन टेस्टर (डिझेलचा किट): रिंगा गेल्या म्हणून इंजिन उतरवायच्या आधी हा लावून बघा

वडिलांचा जुना ट्रक आहे, सहा सिलेंडर टर्बो डिझेल, आणि तो गेल्या वर्षभरात एवढं ऑइल खायला लागला की ८०० किलोमीटरला एक लिटर वरून घालावं लागायचं. खाली जमिनीवर थेंब नाही, रेडिएटरच्या पाण्यावर तवंग नाही, चढाला लोडवर मात्र मागून निळा धूर, म्हणजे ऑइल जळतंय हे स्पष्टच होतं. दोन मिस्त्रींना दाखवलं. दोघांनीही चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण उघडलं, तिथून भकाभक धूर येताना बघितला आणि एकच सांगितलं, बॅक कॉम्प्रेशन मारतंय (म्हणजे सिलेंडरमधलं प्रेशर पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलच्या भागात उतरतंय), रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या, लायनर (सिलेंडरची आतली नळी) आणि पिस्टन सगळं बदला.

माझं मन मानेना. गाडी सकाळी थंडीत पहिल्या सेल्फला उठते, पिकअप फारसा पडलेला नाही, सहाही सिलेंडरच्या रिंगा खरंच एवढ्या झिजल्या असत्या तर डिझेल इंजिन असं उठलंच नसतं. म्हणून हा किट मागवला आणि तीन महिने हाताळून मग लिहितोय.

साधा कॉम्प्रेशन गेज प्रेशर किती बनतंय तेवढंच सांगतो, कमी असेल तर ते कुठून जातंय ते सांगत नाही. पेट्रोल इंजिनात लोक सिलेंडरमध्ये थोडं ऑइल टाकून परत मोजतात, आकडा वाढला की रिंगा समजायच्या, पण डिझेलला हे करू नका, वर जागा इतकी कमी असते की त्या ऑइलनेच आकडा फुगतो आणि ऑइल जास्त पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. लीक-डाउन टेस्टर उलट्या बाजूने काम करतो. नोझल काढायचं, त्या भोकात अडॅप्टर बसवायचा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणायचा म्हणजे दोन्ही वॉल्व्ह बंद, आणि बाहेरून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. एक गेज आत जाणारं प्रेशर दाखवतो, दुसरा टिकून राहिलेलं, फरक म्हणजे गळती. साधारण १० टक्क्यांपर्यंत उत्तम, २० पर्यंत जुन्या इंजिनाला चालतं, ३० च्या वर गेलं की दुखणं आहे.

पण खरी गंमत आकड्यात नाही, कानात आहे. हवा कुठून फुसफुसते ते ऐकायचं. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, एअर क्लीनरच्या बाजूने आली तर इनटेक वॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, आणि ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा किंवा लायनर. मी रबरी पाइपच्या हातभर तुकड्याचं एक टोक कानाशी धरून दुसरं टोक एकेका ठिकाणी नेत होतो, अगदी बारीक आवाजही कळतो.

एक गोष्ट मात्र जपून. पिस्टन टॉपला अचूक नसेल तर हवा सोडल्यासोबत क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो खालचा दांडा) फिरतो. ४ इंच बोअरच्या पिस्टनवर १०० पीएसआय म्हणजे साडेपाचशे किलोच्या वर जोर असतो, तेव्हा क्रँकच्या नटावर पाना अडकवून ठेवलेला असेल तर हात मोडेल. आधी १०-१५ पीएसआय सोडा, पिस्टन जागेवर राहतो का बघा, मगच वाढवा. एवढी महत्त्वाची गोष्ट किटसोबतच्या कागदावर कुठेच नाही, याचा मला राग आला.

गरम इंजिनवर सहाही सिलेंडर बघितले. पाच १२ ते १५ टक्के, चार नंबरचा १९. ऑइलच्या तोंडाशी थोडी फुसफुस सगळ्यांचीच होती, ती कुठल्याही वापरलेल्या इंजिनात असते. म्हणजे रिंगा जुन्या झाल्यात, गेलेल्या नाहीत.

मग एवढा धूर कशाचा? ब्रीदरचा (इंजिनाच्या खालच्या भागातलं प्रेशर बाहेर सोडणारा) पाइप काढला तर आत काळा चिकट गाळ, फुंकर मारली तरी हवा जाईना. खाली प्रेशर साठलं की टर्बोचं परत येणारं ऑइल नीट खाली उतरत नाही आणि सीलमधून इनटेकमध्ये ढकललं जातं. टर्बोची शाफ्ट बोटाने हलवून बघितली, वरखाली स्पष्ट लागत होती. इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा) खाली काढून तिरका केला तर त्यातून जवळजवळ अर्धा लिटर ऑइल निघालं. हे बघून खरंच घाबरलो, कारण तेवढं ऑइल एकदम आत ओढलं गेलं तर इंजिन त्याच्यावरच पळत सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही.

आता किटचं. गेजच्या काचा आणि होज चांगले आहेत, रेग्युलेटर मात्र हळूहळू सरकतो, दर सिलेंडरला परत शून्य लावावं लागतं. अडॅप्टरचा ओ-रिंग दुसऱ्याच दिवशी कापला गेला आणि जादा दिलेला नव्हता, तो आधी घेऊन ठेवा, नाहीतर अडॅप्टरचीच गळती इंजिनाची समजून बसाल. आणि तुमचे टक्के दुसऱ्या किटच्या टक्क्यांशी ताडू नका. आतलं बारीक भोक, जे साधारण १ मिलिमीटरचं असतं, ते प्रत्येकाचं वेगळं, त्याने आकडा बदलतो. आपल्याच इंजिनाचे सिलेंडर एकमेकांशी ताडायचे.

हा टेस्टर काय दाखवत नाही तेही सांगतो. खालची ऑइल रिंग कार्बनने जाम झाली असेल तर वरच्या रिंगा हवा धरून ठेवतात, आकडा छान येतो आणि गाडी तरी ऑइल खात राहते. वॉल्व्हचे सीलही यात कळत नाहीत, ते रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सुरू करताना जो निळा भपका येतो त्यावरून बघायचं. आणि एअर ब्रेकवाली गाडी असेल तर टाकीतलं पाणी सोडताना हातात घेऊन बघा, ऑइल आलं तर ब्रेकचा कॉम्प्रेसर ऑइल फेकतोय आणि तेवढं इंजिनात जळतच नाहीये. आमच्या टाकीतून फक्त स्वच्छ पाणी आलं.

ब्रीदर साफ केला, टर्बोचा कार्ट्रिज (शाफ्ट आणि बेअरिंगचा आतला भाग) बदलला, इंटरकूलर धुतला. त्यानंतर १६०० किलोमीटरमध्ये ४०० मिली ऑइल घातलंय. चार नंबरचा सिलेंडर पुढच्या सर्व्हिसला परत मोजणार आहे.