कोल्हापुरात जुनी बलेनो आरएस : एक पावसाळा आणि एक ऊसहंगाम वापरल्यानंतर

मारुतीची बलेनो आरएस मार्च २०१७ मध्ये बाजारात आली आणि बीएस-६ चे प्रदूषण नियम लागू होण्याच्या तोंडावर, २०२० च्या सुरुवातीला, बंद झाली. बाहेरून पाहणाऱ्याला ती साध्या बलेनोसारखीच वाटते. फरक आहे तो बॉनेटखाली आणि चाकांमध्ये : ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे टर्बो (म्हणजे हवा दाबाने भरणारे) बूस्टरजेट इंजिन, सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारण्याची रचना, १०२ पीएस शक्ती, १५० न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. साधी १.२ लिटरची बलेनो ८४ पीएस आणि ११५ न्यूटन मीटर देत असे, म्हणजे वाढ मोठी आहे, आणि गाडीचे वजन जेमतेम ९५० किलो असल्यामुळे ती अंगावर जाणवतेही. तरीही नवी असताना ही गाडी फारशी खपली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीने किंमत एक लाखाने उतरवली, त्यानेही फार फरक पडला नाही. आता जुन्या बाजारात ती क्वचित दिसते आणि विकणारा ‘असली गाडी परत मिळणार नाही’ म्हणून दर चढा ठेवतो.

माझी गाडी २०१८ ची आहे. ती पाहण्याआधी याच वर्गातल्या इतरही गाड्यांचा विचार केला होता. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय चालवायला उत्तमच. पण जुन्या १.२ टीएसआयसोबत येणारा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी हा स्वयंचलित गिअरबॉक्स आणि त्याचे नियंत्रण करणारे मेकॅट्रॉनिक युनिट यांच्या तक्रारी जगभर ऐकायला मिळतात, आणि ते युनिट गेले तर जुन्या गाडीच्या मानाने खर्च अवाढव्य होतो. १४५ पीएसची अबार्थ पुंतो मनात भरली होती, पण फियाटने इथला गाडीधंदा गुंडाळल्यानंतर तिचे सुटे भाग शोधत फिरण्याची हौस मला नव्हती. बलेनो आरएसच्या बाजूने निर्णय झाला तो मुख्यतः भागांमुळे. याच कुळातले बूस्टरजेट इंजिन २०२३ पासून फ्रॉन्क्समध्ये मिळते, त्यामुळे इंजिनाचे भाग अजून वाहत्या बाजारातले आहेत. मागच्या डिस्क ब्रेकचे भाग मात्र मागवून घ्यावे लागतात आणि थांबावे लागते, हे आधीच सांगून ठेवतो.

साधी गाडी जुन्यात घेताना लोक वर्ष, किलोमीटर आणि टायर बघतात. अशा पळणाऱ्या गाडीत ते पुरेसे नाही. तिला कोणी हाताळले, तिच्यात नंतर काय बसवले आणि काय उतरवले, आणि ती कोणत्या पाण्यात उभी होती, या तीन गोष्टी मीटरवरच्या आकड्यापेक्षा जास्त सांगतात.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण कोल्हापूर-सांगलीच्या बाजारात गाडी घेणाऱ्याने तिथूनच सुरुवात केली पाहिजे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, बापट कॅम्प अशा भागांत तळघरांत आणि गल्ल्यांत उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या, शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला. २०१७ ते २०२० दरम्यान विकली गेलेली कोणतीही गाडी या दोनपैकी निदान एका पुराची साक्षीदार असू शकते. मी पाहिलेली पहिली आरएस एका व्यापाऱ्याच्या यार्डात होती आणि आतून इतकी चकचकीत होती की संशय यावा. सीट नव्या कव्हरच्या, कार्पेट धुतलेले, वासाला भरपूर अत्तर. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला तेव्हा रोज बाहेर येणारा भाग स्वच्छ निघाला, पण जो पट्टा कायम आत गुंडाळलेला राहतो त्यावर चिखलाची सरळ, तपकिरी रेघ होती. पट्टा धुणाऱ्याने बाहेर येतो तेवढाच धुतला होता. त्यानंतर डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खोलगट भागात हात फिरवला, तर कोपऱ्यातल्या शिवणीत वाळलेला गाळ नखाला लागला. डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडण्या बॅटरीच्या उजेडात पाहिल्या, तर पितळी टोकांवर हिरवट गंज. व्यापारी म्हणाला, ‘धुतलीया ओ, गाडी धुवायची न्हाई व्हय?’ मी नमस्कार करून निघालो. पाण्यात गेलेली टर्बो गाडी चालू होते, पळतेही. पण तिच्या सेन्सरचे आणि कंट्रोल युनिटचे दुखणे पुढे वर्षानुवर्षे पावसाळ्यात वर येते आणि दर वेळी नव्या ठिकाणी.

दुसरी पाहिलेली गाडी कोरडी होती. तिची अडचण वेगळी होती. टर्बो इंजिनाचे ट्यूनिंग बदलून दहा-वीस पीएस वाढवून घेणे हल्ली फार सोपे झाले आहे. विकताना मालक मूळ सॉफ्टवेअर परत टाकतो किंवा वायरिंगमध्ये अडकवलेला बॉक्स काढून घेतो आणि ‘एकदम स्टॉक’ म्हणतो. खुणा मात्र राहतात. टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या पाइपांचे क्लॅम्प मूळ आहेत की बाजारातले, एअर फिल्टरच्या डब्याचे स्क्रू घासलेले आहेत का, सेन्सरच्या जोडणीवर नवी टेप का गुंडाळली आहे, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. त्याहून उपयोगी पडला तो मोबाइलला जोडायचा साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकात नोंदलेले दोषांचे कोड वाचणारे यंत्र. चेक इंजिनचा दिवा विझलेला असणे म्हणजे गाडी निरोगी असणे नव्हे, कारण कोड कोणीही पुसू शकतो. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हे बहुतेक स्कॅनर दाखवतात, आणि पुसल्यानंतर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण व्हायला काही दिवसांचे चालवणे लागते. त्या गाडीत कोड नव्हता, पण तो पुसल्याला वीस किलोमीटरही झाले नव्हते. मालकाकडे याचे उत्तर नव्हते, आणि मलाही मग विचारण्यासारखे काही उरले नाही.

आता जी घेतली तिच्याबद्दल. गाडी एका गृहस्थाकडून थेट घेतली, मध्ये एजंट नव्हता. शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या ओळखीच्या मिस्त्रींना सोबत नेले होते. मी बॉनेट उघडायला गेलो तर ते म्हणाले, ‘इंजिनाचं ऱ्हाऊ द्या साहेब. पळायला कुठलीबी पळतीया, थांबतीया कशी ते आदी बघूया.’ हे वाक्य आरएसच्या बाबतीत शब्दशः खरे आहे. एप्रिल २०२३ मध्ये मारुतीने २७ ऑक्टोबर २०१६ ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या ७,२१३ बलेनो आरएस परत तपासणीसाठी बोलावल्या होत्या. कारण होते ब्रेकला साहाय्य करणाऱ्या व्हॅक्यूम पंपातला संभाव्य दोष. साध्या पेट्रोल इंजिनात ब्रेक बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी इंजिनाच्या शोषणातूनच मिळते, पण टर्बो दाब भरत असताना तिथे शोषण नसते, म्हणून वेगळा पंप लागतो. तो कमी पडला तर ब्रेक नाहीसा होत नाही, पण पेडल दगडासारखे कडक होते आणि गाडी थांबवायला पायाचा सगळा जोर लावावा लागतो. घाटात उतरताना याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

तपासणी घरच्या घरी करता येते. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबायचा, म्हणजे बूस्टरमधली पोकळी संपते आणि पेडल कडक होते. मग ते दाबून धरून इंजिन चालू करायचे. पेडल पायाखाली हलकेच खाली सरकले तर साहाय्य मिळते आहे. जागचे हलले नाही तर गाडी तिथेच ठेवावी. याशिवाय चासी क्रमांकावरून रिकॉलचे ते काम झाले आहे की नाही हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कळते आणि दुरुस्तीच्या नोंदीही मिळतात. या गाडीचे ते काम झालेले होते. नसते तरी रिकॉलच्या कामाचा खर्च ग्राहकाकडून घेतला जात नाही, मग ग्राहक कितवाही मालक असो. मागच्या डिस्कच्या कडेला मात्र झिजेचा ठळक उंचवटा आला होता आणि पॅड शेवटच्या टप्प्यात होते. तो खर्च भावात वळता करून घेतला.

टेस्ट ड्राइव्ह गल्लीभोवती फेरी मारून होत नाही, विशेषतः टर्बोची. मालकाला आधीच सांगितले होते की इंजिन थंड ठेवा, आम्ही आल्यावरच चालू करू. थंड इंजिन चालू होताना आतल्या टायमिंग चेनचा खडखडाट दोन-तीन सेकंदांपुढे टिकतो का, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, हे तेव्हाच कळते. नंतर रत्नागिरी रस्त्याने वाघबीळमार्गे पन्हाळ्याचा चढ घेतला. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमपासून पूर्ण दाबले असता ओढ सलग यायला हवी. मध्येच अडखळली तर प्लग, कॉइल किंवा गळका दाबपाइप असा संशय घ्यावा. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये आरपीएम वाढून वेग मागे राहिला तर क्लच प्लेट गेली समजावी. या गाडीने चढ सरळ घेतला. वर पोचल्यावर इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडले आणि टर्बोच्या तेलाच्या नळीभोवती ओल नाही हे पाहिले. उतरताना पुढून डाव्या बाजूने खट्खट् आवाज आला. मिस्त्रींनी गाडीतूनच सांगितले की सस्पेन्शनमधली स्टॅबिलायझर लिंक आहे, आणि तसेच निघाले. किरकोळ खर्च.

कागदपत्रांचे थोडक्यात : गाडीवरचे कर्ज फिटले असेल तरी आरसीवरून बँकेचा बोजा उतरला आहे का हे पाहावे, नसेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, थकलेली ई-चलने, एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवली आहे का, हे पाहणे ओघानेच आले. विमा नावावर करायला चौदा दिवसांची मुदत असते, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. तो त्याचाच राहतो. विकणारे हे सांगत नाहीत.

वापराबद्दल लिहायचे तर या गाडीचे खरे काम ऊसहंगामात दिसले. कार्तिकानंतर गगनबावडा रस्त्यावर आणि राधानगरीकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रांगेने लागतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टरही नसतो, आणि ओव्हरटेकला मिळणारी मोकळी जागा फार छोटी असते. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये मिळणारी ओढ ही चैन नाही, ती सुरक्षितता आहे. साधारण १,७०० आरपीएमच्या खाली मात्र इंजिन मरगळलेले असते. शहरात, व्हीनस कॉर्नरच्या गर्दीत, दुसरा आणि पहिला गिअर सारखा बदलावा लागतो आणि क्लच जड नसला तरी कंटाळा येतो. ऐन कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये जोरात दाबण्याची सवय असणाऱ्याने ही गाडी घेऊ नये. थेट फवारणीच्या छोट्या टर्बो इंजिनांत अशा वेळी सिलिंडरमध्ये वेळेआधीच स्फोट होतो आणि पिस्टनला धोका असतो. म्हणून तेल नियमावलीतल्या ग्रेडचे, पण एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसपी दर्जाचे घालतो. तो दर्जा २०२० मध्ये आला आणि त्यात या दोषाविरुद्धची चाचणी आहे. तेल पाच हजार किलोमीटरला बदलतो. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवत नाही, मिनिटभर इंजिन तसेच चालू देतो.

थेट फवारणीमुळे आणखी एक गोष्ट होते. इंधन हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर पडत नसल्याने ते धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळी साचते. पेट्रोलमध्ये घालायच्या बाटल्या तिथे पोचतच नाहीत, त्यामुळे त्यांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. अजून तरी सुस्ती किंवा थरथर जाणवलेली नाही. जाणवली तर हवा आत नेणारा मॅनिफोल्ड उतरवून साफ करावे लागेल.

मायलेज शहरात बारा-तेरा आणि महामार्गावर सतरा-अठराच्या आसपास मिळते. कंपनीचा प्रमाणित आकडा २१.१ होता, तो विसरलेला बरा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश, त्यामुळे थोडी घट अटळ आहे. (ज्या उसामागे आपण रस्त्यात अडकतो, तोच काही महिन्यांनी टाकीत येतो.) टाकी ३७ लिटरची आहे.

पावसाळ्यात मागचे डिस्क दोन दिवस उभ्या गाडीत गंज धरतात आणि पहिल्या दोन-चार ब्रेकला घासल्याचा आवाज येतो; तो काळजीचा नाही. सस्पेन्शन साध्या बलेनोपेक्षा किंचित कडक वाटते, आणि शहरातल्या खड्ड्यांत मागे बसलेल्या आईंनी त्याबद्दल स्पष्ट शब्दांत नापसंती कळवली आहे. सध्या टायरचे काम बाकी आहे. १९५/५५ आर १६ चा चांगला संच घेताना साध्या हॅचबॅकच्या टायरपेक्षा बराच जास्त खर्च येतो, तेव्हा जुनी आरएस बघताना टायरवरचा उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष दाखवणारा चार आकडी क्रमांक वाचावा, आणि सहा वर्षांपुढचे असतील तर नक्षी कितीही खोल असली तरी संचाची पूर्ण किंमत बोलीतून वजा करावी.