क्लिअर-आरएक्स : औषधाच्या लाल बाटलीचे परीक्षण

न्यू जर्सीतील आमच्या घरी औषधांच्या कपाटात एक जुनी लाल बाटली अजून जपून ठेवलेली आहे. टार्गेट या दुकानांच्या औषधविभागात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्या २००५ पासून ज्या बाटलीत येत, ती ही क्लिअर-आरएक्स (‘आरएक्स’ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीची इंग्रजी खूण). ती आता बाजारात मिळत नाही. तरीही तिचे परीक्षण लिहावेसे वाटते, कारण ती एका विद्यार्थिनीच्या पदव्युत्तर प्रकल्पातून जन्मली आणि त्या विद्यार्थिनीची समज कशी वाढत गेली, हे बाटली हातात घेतली की टप्प्याटप्प्याने वाचता येते.

डेबोरा ॲडलर न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये शिकत असताना त्यांच्या आजीने, हेलन यांनी, चुकून आजोबांच्या, म्हणजे हर्मन यांच्या गोळ्या घेतल्या. औषध एकच होते, मात्रा वेगळी होती आणि आडनावासह दोघांच्याही नावाचे आद्याक्षर सारखेच होते. अमेरिकेत चिठ्ठीवरच्या गोळ्या गोल, नारिंगी छटेच्या बाटलीत मोजून देतात. त्या बाटलीच्या वळणावर मजकूर गुंडाळलेला असतो, तो वाचण्यासाठी बाटली बोटांत फिरवावी लागते, आणि दुकानाचे नाव बहुधा औषधाच्या नावापेक्षा मोठे असते. ॲडलर यांनी २००२ मध्ये हाच विषय प्रबंधासाठी घेतला आणि प्रकल्पाला ‘सेफ आरएक्स’ असे नाव दिले.

आजीची चूक माणसांच्या गोंधळातून झाली होती, म्हणून कोणाची बाटली कोणती हे रंगाने कळावे, ही कल्पना सहज सुचण्यासारखी होती. ती अंतिम बाटलीतही आहे : मानेभोवती बसणारे रबरी कडे, सहा रंगांत, घरातील प्रत्येकासाठी एक. आमच्याकडे सासूबाई आणि सासरे दीर्घ मुक्कामाला आले असताना या कड्यांचे मोल मला कळले. दोघांच्याही नावाचे इंग्रजी आद्याक्षर ‘एस’, आडनाव अर्थातच एक, आणि दोघांनाही रक्तदाबाच्या गोळ्या. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नसे, पण हिरवे कडे आपले आणि निळे सासऱ्यांचे, हे त्यांना पहिल्याच दिवशी पाठ झाले. हेलन आणि हर्मन यांची गोष्ट मला नंतर समजली, तेव्हा मी बराच वेळ त्या दोन बाटल्यांकडे पाहत बसले होते.

तरी माझ्या मते या बाटलीचे खरे यश कड्यांत नसून लेबलाच्या रचनेत आहे. लेबलावर एक जाड आडवी रेघ आहे. रेघेच्या वर औषधाचे नाव, मात्रा आणि ते कसे घ्यायचे एवढेच येते. गोळ्यांची संख्या, डॉक्टरांचे नाव, मुदत वगैरे सगळे रेघेखाली. रात्री अर्धवट झोपेत उठलेल्या माणसाला काय हवे आणि औषधविक्रेत्याला काय हवे, यांतला भेद या एका रेघेने केला आहे. शिवाय औषधाचे नाव बाटलीच्या माथ्यावरही छापलेले असते, त्यामुळे खणात उभ्या ठेवलेल्या चार बाटल्यांतून हवी ती वरूनच ओळखता येते. लेबलामागे माहितीचे कार्ड सरकवण्याची सोय आहे. इंटरॅक्शन डिझाइन, म्हणजे माणूस वस्तू कशी वापरतो याची आखणी, म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोबाइलचा पडदा येतो. पण हात, डोळा आणि वस्तू यांच्यात क्षणोक्षणी चालणारा व्यवहार इतक्या बारकाईने विचारात घेतलेला मी फार थोड्या पडद्यांवर पाहिला आहे.

प्रबंधातील बाटली जशीच्या तशी दुकानात आली नाही. ॲडलर यांच्या मूळ बाटलीचा आकार अर्धवर्तुळाकार होता. टार्गेटने प्रकल्प स्वीकारल्यावर क्लाउस रोसबुर्ग या औद्योगिक डिझायनरने बाटली उलटी केली : ती झाकणावर उभी राहते आणि सपाट झालेल्या अंगावरून, माथ्यावरून लेबल सलग जाते. धोक्याच्या सूचनांची चिन्हे ॲडलर यांनी ग्राफिक डिझायनर मिल्टन ग्लेझर यांच्यासह नव्याने काढली, कारण जुन्या चिन्हांपैकी अनेकांचा अर्थच लागत नसे. लेबल, माहितीचे कार्ड असे सगळे कागद छिद्ररेषा असलेल्या एकाच मोठ्या तावावर छापले जात, म्हणजे औषधविक्रेत्याचेही काम सोपे होई. आजीच्या घरापुरता विचार करणाऱ्या विद्यार्थिनीला इथे काउंटरपलीकडे दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसाचाही विचार करावा लागला, आणि माझ्या दृष्टीने तिची खरी वाढ इथेच झाली. आपली आवडती आकृती सोडून देऊन तिच्यामागचा हेतू टिकवणे विद्यार्थीदशेत फार अवघड असते.

उणीव सांगायची तर ती गंभीर आहे. बाटली औषध कोणाचे हे उत्तम सांगते, पण केव्हा घ्यायचे ते एकेका औषधापुरतेच सांगते. सासऱ्यांच्या पाच बाटल्यांवर पाचही निळी कडी होती. सकाळी कोणत्या दोन आणि रात्री कोणत्या तीन, हे मला कागदावर मराठीत लिहून कपाटाच्या दारावर लावावे लागले. बाटली हे एकक धरले की हा प्रश्न सुटत नाही, तिथे सगळा दिवस हे एकक धरावे लागते. पुढे टार्गेटने आपला औषधविभाग, म्हणजे दुकानांतली १,६०० हून अधिक औषधकेंद्रे, २०१५ मध्ये सीव्हीएस या औषधदुकानांच्या साखळीला विकला आणि २०१६ मध्ये लाल बाटली बंद झाली, तेव्हा अनेक ग्राहकांनी उघड नाराजी व्यक्त केली. मात्र २०१७ मध्ये ॲडलर यांनी सीव्हीएससाठीच ‘स्क्रिप्टपाथ’ हे वेळापत्रक तयार केले, ज्यात एका माणसाची सगळी औषधे सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपण्याची वेळ अशा चार भागांत एकत्र मांडलेली असतात. दारावरचा माझा कागद नेमका तसाच होता. पहिल्या कामाचा मोठेपणा मिरवत न बसता पंधरा वर्षांनी त्यातला राहिलेला प्रश्न पुन्हा हाती घेणाऱ्या डिझायनरबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

ही बाटली पाहायची असेल, तर न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ती आपल्या संग्रहात घेतली आहे. कोणाच्या घरी जुनी रिकामी बाटली शिल्लक असेल, तर प्रेमापोटीही तीत नव्या गोळ्या भरू नयेत, कारण रेघेच्या वरचे नाव आणि मात्रा जुनीच असते. आमच्या बाटलीत आता शर्टाची बटणे आहेत आणि मानेभोवती सासूबाईंचे हिरवे कडे आहे.