मुलाचा डोळा मधूनच बाहेर जातो: थांबायचं, पट्टी लावायची की ऑपरेशन?

मूल दमलं, तापातून उठलं किंवा तंद्री लावून लांब कुठेतरी बघत बसलं की एक डोळा हळूच बाहेरच्या बाजूला सरकतो. हाक मारली की पुन्हा जागेवर. उन्हात गेल्यावर एकच डोळा मिटून घेणं हेही यातलंच. आणि तपासणीच्या खुर्चीत बसल्यावर दोन्ही डोळे कसे अगदी सरळ! म्हणून घरी लांबचं बघताना काढलेला छोटा व्हिडिओ सोबत न्यावा, डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

हा प्रकार तसा दुर्मीळ नाही. जगभरातल्या अभ्यासांचा २०१९ साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात तिरळेपणा साधारण १.९ टक्के लोकांत आढळला, बाहेरचा १.२ टक्के, आतला ०.८ टक्के. ही सरासरी फसवी आहे, कारण वंशानुसार चित्र उलटंपालटं होतं. युरोपीय वंशाच्या मुलांत डोळा आत वळण्याचं प्रमाण जास्त, पूर्व आशियात बाहेर जाण्याचं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड काउंटीच्या नोंदींमध्ये मधूनमधून बाहेर जाणारा डोळा मुलींमध्ये मुलांच्या जवळजवळ दुप्पट दिसला. त्याच नोंदींत अशा मुलांपैकी बहुतेकांना विशीपर्यंत मायनस नंबर लागला होता. चष्म्याच्या पर्यायाकडे येऊ तेव्हा हे लक्षात असू द्या.

थांबणं, पट्टी, चष्मा आणि ऑपरेशन यांची तुलना पुढे आहे, पण ती सगळ्यांसाठी नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत डोळे इकडेतिकडे भरकटतात, ते चालतं. चार महिन्यांनंतरही डोळा सतत बाहेरच असेल, बुबुळात पांढरी झाक दिसत असेल, किंवा कुठल्याही वयात अचानक डोळा बाहेर गेला, पापणी पडली आणि दोन-दोन दिसू लागलं, तर थांबायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. तातडीने डॉक्टरांकडे जायचं.

उरलेल्यांनी डोळा किती बाहेर जातो यापेक्षा किती वेळा जातो आणि आपणहून परत येतो का, हे आधी पाहावं. पापणी मिटली की लगेच जागेवर येणारा डोळा आणि दिवसातला निम्मा वेळ बाहेरच रेंगाळणारा डोळा, दिसायला दोन्ही सारखेच वाकडे. निर्णय मात्र वेगळे. दुसरी गोष्ट म्हणजे दोन्ही डोळे मिळून खोलीचा, म्हणजे वस्तू किती जवळ-लांब आहे याचा, अंदाज येतो का. तो प्रत्येक तपासणीत मोजून कागदावर लिहून घ्या.

नुसतं लक्ष ठेवणं आणि पट्टी. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत ३ ते १० वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एकाला रोज तीन तास एक डोळा झाकणारी पट्टी, दुसऱ्याला काहीच नाही. सहा महिन्यांनी काहीच न केलेल्या गटात सुमारे ६ टक्के मुलांची स्थिती बिघडली, पट्टीच्या गटात १ टक्क्याहून कमी. म्हणजे पट्टीचा उपयोग आहे, पण तो थोडाच. उपचार न केलेल्या मुलांवर पुढे तीन वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हाही बिघडलेली साधारण १५ टक्केच होती. म्हणून डोळ्यावर ताबा चांगला असेल तर थांबणं म्हणजे हयगय नव्हे. मात्र ठरलेल्या तपासण्या चुकवल्या तर ती हयगयच. पट्टीसाठी रोज तीन तास रडारड होणार असेल, तर मी तरी हट्ट धरणार नाही. एका डोळ्याची नजर कमी असेल, म्हणजे आळशी डोळा असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पट्टी हा पर्याय नसून उपचार आहे.

जादा मायनसचा चष्मा. खऱ्या नंबराचा चष्मा लावायचाच, त्यात वाद नाही. इथे प्रश्न आहे मुद्दाम वाढवून दिलेल्या मायनसचा. त्यामुळे डोळ्याला जोर लावावा लागतो आणि तो आत ओढला जातो. चष्मा डोळ्यावर असेपर्यंत हे खरोखर जमतं. पण २०२१ साली आलेल्या चाचणीत चष्मा कमी करत बंद केल्यावर फायदा उरला नाही, आणि एक डायॉप्टरपेक्षा (चष्म्याच्या नंबराचं एकक) जास्त मायनस वाढलेली मुलं १७ टक्के निघाली. साध्या चष्म्याच्या गटात १ टक्का. मुळातच मायनसकडे कल असलेल्या मुलांसाठी हा सौदा मला महाग वाटतो. ऑपरेशन थोडं पुढे ढकलायचं असेल तेवढ्यापुरता तो ठीक.

ऑपरेशन. दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे स्नायू सैल करतात, किंवा एकाच डोळ्याचा बाहेरचा सैल आणि आतला घट्ट. कोणती पद्धत चांगली, यावर पालक उगाच रात्र-रात्र वाचत बसतात. समोरासमोर केलेल्या चाचणीत तीन वर्षांनी दोन्हींत ठोस फरक निघाला नाही. अपुरा निकाल मात्र पहिल्या पद्धतीत ४६ तर दुसऱ्या पद्धतीत ३७ टक्के मुलांत होता. हा आकडा ऐकूनच सही करावी, कारण डोळा पुन्हा बाहेर सरकू शकतो आणि दुसरं ऑपरेशन लागू शकतं. पहिले काही दिवस डोळा किंचित आत दिसला तर घाबरू नका. बरेच सर्जन मुद्दाम थोडं जास्त ओढून ठेवतात. तो आतच राहिला तर मात्र अगदी लहान मुलात आळशी डोळ्याची आणि खोलीचा अंदाज जाण्याची भीती असते. घाई न करण्याचं खरं कारण हेच. ताबा महिन्यागणिक सुटत चालला असेल किंवा खोलीचं मोजमाप घसरत असेल, तर मी ऑपरेशनच्या बाजूने.

मोठ्यांना ‘आता वय गेलं’ असं अजूनही सांगितलं जातं. ते बरोबर नाही. लहानपणी गेलेली नजर ऑपरेशनने परत येत नाही, पण डोळा सरळ कोणत्याही वयात करता येतो. मोठ्यांत टाका असाही घालता येतो की भूल उतरल्यावर, माणूस जागा असताना, तो थोडा घट्ट-सैल करता येतो. अशी सोय आहे का, हे सर्जनना आधीच विचारून घ्या.