उद्यानातला उन्हाळी निसर्ग-कार्यक्रम, हंगामभर वापरून (आणि अनामत अडकवून)

भाड्याच्या दुर्बिणीची अनामत रक्कम अजून परत मिळालेली नाही, म्हणून हा अनुभव आत्ताच लिहायला घेतला आहे. सूर जरा चढा लागला तर समजून घ्या.

उन्हाळी कार्यक्रमात काय काय असतं हे इथे वाचणाऱ्यांना माहीत असेलच. सकाळची पक्षीफेरी, तळ्यातले जीव, झाडांची ओळख, संध्याकाळची फेरी, रात्री पतंगांसाठी लावलेला पडदा, आणि लहान मुलांच्या हातात यादी देऊन ‘हे पान शोधा, ते पीस शोधा’ म्हणत त्यांना हुंदडायला सोडणं. आम्ही अख्ख्या हंगामाचा कुटुंब-पास काढला. मी, मुलगी आणि सासरे. नवरा भल्या सकाळी उठत नाही, त्यामुळे त्याची जागा फुकट गेली. त्याचा हिशोब घरी चालू आहे.

पासाबरोबर दुर्बीण ‘मोफत’ मिळते, म्हणजे अनामत भरून. मला मुख्यतः या दुर्बिणीबद्दलच बोलायचं आहे. ज्यांना फक्त कार्यक्रम कसा आहे एवढंच हवंय त्यांनी थेट तळ्यापाशी भेटावं, मी तिथे पोचतेच.

तर, दुर्बिणी देतात त्या खिडकीवर दोन प्रकार आहेत. जुन्या, जाडजूड ८×४२ आणि नव्या, खिशात मावणाऱ्या १०×२५ (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये). सगळे नव्यांवर झडप घालतात. वजन कमी, रंग छान आणि आठापेक्षा दहा मोठे. पण पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागून बघा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर, २५ भागिले १० म्हणजे अडीच. डोळ्यापाशी येणारा उजेडाचा झोत एवढ्या जाडीचा असतो. भर दिवसा डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडलेली असते, तेव्हा दोन्ही चालतात. तिन्हीसांजेला बाहुली मोठी होते आणि अडीच मिलिमीटरच्या झोतात झाडी म्हणजे नुसता काळोखा ढीग. संध्याकाळच्या फेरीला लोकांना घुबड दिसत नाही त्यात घुबडाची काही चूक नसते. शिवाय दहापटीत हाताची थरथरही दहापट होते. खिडकीवर हे कोणी सांगत नाही. ‘ही लेटेस्ट आहे’ एवढंच सांगतात.

दुसरी गोष्ट चष्म्याची. बाबांनी (सासऱ्यांनी) पहिल्या फेरीत विचारलं, “अगं, चष्मा काढू की ठेवू?” ठेवायचा, आणि डोळ्यापाशी लागणारे रबरी कप दुमडायचे किंवा फिरवून आत ढकलायचे. नाहीतर चष्म्यामुळे डोळा लांब पडतो आणि दृश्य टिकलीएवढं दिसतं. अर्धे चष्मेवाले ‘आम्हाला नाही बुवा जमत’ म्हणून दुर्बीण गळ्यात घालून नुसते चालत होते.

तिसरी गोष्ट, जिच्यावर माझा खरा राग आहे: उजव्या नळीवरची बारीक कडी. दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवायला ती असते. आधी फक्त डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने चित्र स्पष्ट करायचं. मग चाकाला हात न लावता, फक्त उजव्या डोळ्याने त्याच वस्तूकडे बघत कडी फिरवायची. हे एकदा केलं की पुढे फक्त मधलं चाक. पण भाड्याच्या दुर्बिणीत आधीच्या माणसाने कडी कुठेतरी नेऊन ठेवलेली असते आणि पुढचा माणूस मधलं चाक पिळत बसतो. एका डोळ्याला स्पष्ट, दुसऱ्याला धूसर. तोवर पक्षी उडालेला. एक मिनिट लागतं हे शिकवायला. हंगामभर एकदाही शिकवलं नाही. स्वागताच्या भाषणात मात्र निसर्गाशी नातं जोडण्यावर बराच वेळ गेला.

आमच्या वाट्याला आलेल्या ८×४२ मध्ये एक घार बघितली की दोन दिसायच्या, एकीच्या किंचित वर दुसरी. फेरी संपेस्तोवर माझं कपाळ ठणकायचं. खिडकीवर तक्रार केली तर “डोळे तपासून घ्या मॅडम”. डोळे तपासले. ठीक आहेत. दुर्बीण कुठेतरी आपटली की आतले प्रिझम सरकतात, दोन नळ्या समांतर राहत नाहीत, आणि दोन चित्रं एक करायला डोळ्यांचे स्नायू ओढाताण करत राहतात. डोकेदुखी त्याची. घरबसल्या बघता येतं: लांबच्या आडव्या तारेवर नेम धरा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर न्या. दोन्ही वर्तुळांत तार एका रेषेत राहिली तर ठीक. आमच्या तारेची पायरी झाली होती. (हे करताना, आणि एरवीही, सूर्याच्या दिशेला दुर्बीण वळवायची नाही. मुलांच्या हातात देताना हे आधी सांगा.)

आता हंगाम संपल्यावर म्हणतात, दुर्बीण तुम्ही पाडलीत, अनामत मिळणार नाही. पहिल्याच आठवड्यात मी व्हॉट्सॲपवर तक्रार पाठवली होती. निळ्या खुणा आलेल्या आहेत. उत्तर नाही. त्याचा स्क्रीनशॉट काढून पाठवला, त्यावरही निळ्या खुणा आल्या. उद्यानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मार्गदर्शक मंडळी मनापासून काम करणारी आहेत आणि खिडकीचं पाप त्यांच्या माथी यायला नको.

बरं, आता तळं. हा भाग मी फक्त मुलांसाठी समजून मुलीला सोडून बाकावर बसणार होते. पंधरा मिनिटांत ट्रेपाशी वाकलेली होते. साहित्य काय, तर बारीक जाळी, पांढरा ट्रे आणि दहापटीचं हातातलं भिंग. ट्रे पांढरा आहे म्हणून सगळा खेळ. हिरव्या पाण्यात जे दिसत नाही ते पांढऱ्यावर लगेच वळवळताना दिसतं. चतुराचं पिल्लू पाण्यात असतं तेव्हा त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो हातासारखा झपकन पुढे येतो आणि परत घडी. आम्ही ते डासाच्या अळीवर होताना बघितलं आणि तीन मोठी माणसं एकदम ओरडली. हेच पिल्लू गुदद्वारातून पाणी आत घेऊन श्वास घेतं, आणि घाबरलं की तेच पाणी जोरात मागे सोडून पुढे सुटतं. हे कळल्यावर मुलांचं हसू आवरेना. टाचणीचं (चतुराच्या बारीक, नाजूक भावंडाचं) पिल्लू ओळखायला सोपं, शेपटाशी पानासारखे तीन कल्ले. उलटं पोहणारा एक किडाही मिळाला, पाठ खाली आणि पोट वर, सगळं आयुष्य तसंच. बघून झाल्यावर ट्रे त्याच तळ्यात, त्याच काठाला हलकेच ओतायचा, हा नियम कडक पाळला जातो.

आणि भिंगाला अनामत नाही. एका काचेत सरकण्यासारखं काही नसतं. फक्त ते डोळ्याला चिकटवून धरायचं आणि वस्तू जवळ आणायची. गुप्तहेरासारखं हात लांब करून बघू नका.

रात्रीच्या पतंगांबद्दल मी पहिल्या वेळी एक तारा देणार होते. पांढरा पडदा, अतिनील दिवा, आणि त्यावर तुडतुडे, डास आणि एक कंटाळलेला भुंगेरा. वर टिपूर चांदणं. कारण तेच: पौर्णिमेच्या आसपास दिव्याला पतंग कमी येतात. मग तारीख पौर्णिमेला का धरली? तर वेळापत्रक शनिवार बघून बनवतात, पंचांग बघून नाही. पुढची रात्र अमावास्येजवळ पडली, तीही शनिवार होता म्हणूनच. ढगाळ, उबदार, वारा पडलेला. त्या रात्री पडदा भरून गेला. सुकलेल्या पानासारखे, पक्ष्याच्या विष्ठेसारखे, पंखांवर डोळे काढलेले. बाबा खुर्चीवरून उठून पडद्यापाशी उभे राहिले ते निघेपर्यंत. त्या एका रात्रीसाठी पास पुन्हा काढीन, म्हणून एकाचे चार तारे केले.

पतंग दिव्याकडे का येतात, यावर मार्गदर्शक ताईंनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. २०२४ च्या जानेवारीत एक संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात वेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांचं उडणं टिपलं होतं. किडे उडताना पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री जमिनीपेक्षा आकाश उजळ, त्यामुळे पाठ वर राहते आणि उडणं सरळ होतं. मध्येच दिवा आला की पाठ दिव्याकडे वळत राहते आणि किडा घिरट्यांत अडकतो. दिवा खालून वर असेल तर उलटा होऊन कोसळतोही. म्हणून ताई ठरलेल्या वेळी दिवा बंद करतात, म्हणजे सगळ्यांना पहाटेच्या पक्ष्यांआधी पांगता येतं. ‘अजून पाच मिनिटं’ म्हणणाऱ्यांचं त्या ऐकत नाहीत. बरोबर करतात.

एक विनंती सहभागी मंडळींना. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. टॉर्चला लाल कागद लावा असं पत्रकात लिहिलेलं असतं, ते त्यासाठी. एका काकांनी मोबाईलचा पांढरा झोत सगळ्यांच्या तोंडावर मारून “काही दिसतंय का?” असं विचारलं. त्यानंतर बराच वेळ कोणालाच काही दिसलं नाही.

मोबाईलवरून आठवलं. सकाळच्या फेरीत आता निम्मे लोक मर्लिन हे पक्षी ओळखणारं ॲप उघडून उभे असतात. २०२१ पासून ते आवाजावरून पक्षी ओळखतं, छान आहे, पण ओळखल्यावर तोच आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला बोलवायचं नसतं. विणीच्या दिवसांत नर घरटं सोडून त्या खोट्या प्रतिस्पर्ध्याला हुसकायला येतो. ताईंनी दोघांना थांबवलं, एकाने तोंड वाकडं केलं. फोटो मात्र आयनॅचरलिस्टवर (लोकांनी टिपलेल्या सजीवांच्या नोंदींची साइट) जरूर टाका. ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं जातीवर एकमत झालं की नोंद संशोधनाच्या दर्जाची धरली जाते. मुलीच्या एका टाचणीला तो दर्जा मिळाला आणि घरात तिचा भाव वधारला.

बाकी भराभर. झाडांची ओळख ठीक, पण फेरी उशिरा सुरू होते आणि उन्हात खोड कुरवाळण्याचा उत्साह टिकत नाही. ओल्या मातीवरचं फुलपाखरांचं चिखलपान बघायला मिळालं. बहुतेक नरच असतात, क्षारांसाठी येतात. ‘वनस्नान’ नावाचा एक तास होता. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये सुरू केलेली ही कल्पना आहे, त्यात गप्प बसून झाडांत वेळ घालवायचा असतो. आमच्याकडे ध्वनिक्षेपकावरून गप्प बसायला सांगत होते.

घ्यायचा का? घ्या, पण कुटुंब-पास घेऊ नका. तळं आणि रात्र यांची सुटी तिकिटं मिळतात आणि पैसे तिथेच वसूल होतात. रात्रीची तारीख कॅलेंडरवर अमावास्या बघून निवडा. दुर्बीण घरची असेल तर न्या, कोणाची मागून मिळत असेल तर मागा. खिडकीवरचीच घ्यावी लागली तर जुनी जाड मागा, तिथल्या तिथे तारेवर धरून बघा आणि पावतीवर ‘चित्र एक दिसते’ किंवा ‘दोन दिसतात’ असं लिहून त्यांची सही घ्या. ते हसतील. सही घ्याच.