स्कूबाच्या सिलिंडरसाठी कॉम्प्रेसर: पेट्रोलचा की थ्री-फेजचा?

मराठवाड्यात स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरण्याचा धंदा म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालत नाही का?" नाही चालत. तो १०-१२ बार (हवेच्या दाबाचं माप) पर्यंतच जातो. आपल्याला सिलिंडरमध्ये २०० बार लागतात आणि ती हवा माणसाच्या फुप्फुसात जायची असते. दवाखान्यातला ऑक्सिजनही नको. शुद्ध ऑक्सिजनने ६ मीटरच्या खाली झटके येऊ शकतात.

आपल्याकडचं काम म्हणजे स्विमिंग पूलवर पोरांना शिकवणं आणि जायकवाडी, माजलगाव, येलदरीसारख्या धरणांत जॅकवेलची (धरणातलं पाणी उपसायच्या विहिरीची) जाळी साफ करणं, गेट बघणं. त्याला सहा सिलिंडर पुरतात. मिनिटाला १०० लिटरचं मशीन धरा. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ५० बार उरले असतील तर १८०० लिटर हवा भरायची, म्हणजे १८ मिनिटं. सहा सिलिंडरला पावणेदोन तास. मधे सिलिंडर बदलणं, दर दहा-पंधरा मिनिटांनी मशीनमध्ये साचलेलं पाणी सोडणं धरलं तर सव्वादोन ते अडीच. हा हिशेब पेट्रोलच्या आणि विजेच्या मशीनला सारखाच.

पेट्रोलचं मशीन दोघांनी उचलून गाडीत टाकलं की थेट धरणाच्या काठावर. हा त्याचा मोठा गुण, आणि मला वाटतं तेवढाच. इंजिनाचा धूर त्याच मशीनच्या तोंडाशी असतो. हवा ओढणारा पाइप लांब, उंच आणि वारं जिकडून येतं त्या बाजूला बांधावा लागतो. दुपारी वारं फिरलं की पुन्हा उठून बांधा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना चव. पाण्याबाहेर सोसेल एवढा वाटणारा अंश २० मीटरवर तिप्पट दाबाने रक्तात शिरतो. श्वसनाच्या हवेच्या ईएन १२०२१ या युरोपीय मानकात त्याची मर्यादा दहा लाख भागांत फक्त ५ भाग आहे.

विजेच्या मशीनला हा घोर नाही. मात्र शेजारी जनरेटर किंवा ट्रक सुरू ठेवला तर तीच गत. याला साधारण ३ एचपीची मोटर पुरते. सिंगल फेजवरही मिळतं, पण आपल्याकडचं व्होल्टेज बघता थ्री-फेजच घ्या. फक्त शेतातल्या शेडात बसवू नका: शेतीच्या फीडरवर वीज पाळीपाळीने येते, आणि शेतीच्या कनेक्शनवर धंदाही चालवता येत नाही. व्यापारी कनेक्शन घ्या. डीपीवर कुणी फेज बदलला की विहिरीची मोटर उलटी फिरते, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. इथंही तसंच, म्हणून वीज दुरुस्तीनंतर आधी मशीनच्या पंख्याची दिशा बघा, मग सिलिंडर जोडा.

दोन्हीकडे खरा खर्च फिल्टरचा. २० अंशांपेक्षा ४० अंशांना हवेत जवळपास तिप्पट बाष्प मावतं, म्हणून फिल्टर लवकर संपतो. कंपनीच्या कागदावरचे फिल्टरचे तास बहुतेक २० अंशांचे असतात; आपल्या एप्रिल-मेमध्ये ते धरून चाललात तर हवेला तेलकट वास येईपर्यंत फिल्टर संपल्याचं कळणार नाही. उन्हाळ्यात मी पहाटेच भरतो.

मिनिटाला २०० लिटरच्या वरचं मशीन रोज वीसेक सिलिंडर असतील तरच. बाहेरून भरून आणणं पहिल्या वर्षाला ठीक. पण एका सिलिंडरला गळती लागली की अख्खा दिवस प्रवासात जातो. फक्त उथळ काम असेल तर वरून नळीने हवा देणारं कमी दाबाचं मशीन बघा. ते स्वस्त पडतं, पण त्यावर सिलिंडर भरत नाहीत.

माझा कौल थ्री-फेजला. व्यापारी कनेक्शनच्या शेडात भरा, भरलेले सिलिंडर गाडीतून न्या. मात्र दाबाखालचे वायू भरायला गॅस सिलिंडर नियम २०१६ लागू होतात. नागपूरच्या पेसोकडून (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंच्या सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं) परवान्याचं आधी विचारून घ्या, मशीनचं ॲडव्हान्स नंतर. आणि विक्रेत्याशी मशीनच्या किमतीवर घासाघीस करण्याआधी फिल्टरच्या एका काडतुसाची किंमत आणि ४० अंशांना ते किती तास चालतं, हे कागदावर लिहून मागा.