जुन्या ॲनिमे मुलाखती वाचायच्या: यंत्राच्या मदतीने की जाणकार चाहत्यांच्या?

'ॲनिमेज' १९७८ साली सुरू झालं, 'न्यूटाइप' १९८५ साली. ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, घडवणाऱ्यांच्या त्या काळच्या मुलाखती या जपानी मासिकांत आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा इंग्रजीतही आलेल्या नाहीत.

मोबाइलचा कॅमेरा पानावर धरला की यंत्र झटक्यात अनुवाद देतं. कामाचं पान कोणतं, एवढं हुडकायला ते झकास. पण उभ्या ओळी, कांजीशेजारची (जपानीतल्या चिनी चिन्हांशेजारची) बारीक फुरिगाना, म्हणजे उच्चार सांगणारी अक्षरं, चित्रावरच छापलेला मजकूर आला की ते गडबडतं. खरा धोका मात्र वेगळाच. जपानीत कर्ता सर्रास गाळतात. दिग्दर्शक म्हणतो, 'शेवट बदलायचं ठरलं.' कुणी ठरवलं? त्याने, निर्मात्याने की वाहिनीने? ते आधीच्या प्रश्नावरून उमगतं. यंत्र बेधडक 'मी' घालून मोकळं होतं आणि श्रेय भलत्याच्याच पदरात पडतं.

जपानी जाणणारा चाहता इथे थबकतो, मागचा प्रश्न पुन्हा वाचतो. नावांचंही तसंच: एकच कांजी-जोडी कुणाची युको, कुणाची हिरोको. तो श्रेयनामावली काढून ताडून बघतो. ही मेहनत मला फार मोलाची वाटते.

ही माणसं फुकट, स्वतःच्या वेळात मदत करतात. म्हणून अख्खी मुलाखत त्यांच्या गळ्यात मारू नये. अंक, पान, स्वच्छ स्कॅन आणि नेमका परिच्छेद द्यावा. उत्तराला वेळ लागतो. तरी लेखात उद्धृत करायचं असेल, तर मी थांबेन.